चार-पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ



विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? मोठी कमान, लांबलचक रस्ते, ग्रंथालयाची इमारत, आणि निकालाच्या दिवशी कोलमडणारी वेबसाइट. माळेगावात शिवनगरला अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, पलीकडे शारदानगरला मुलींचं महाविद्यालय आहे, बारामतीत तर शिक्षणसंस्थांची गर्दीच आहे. या सगळ्या संस्थांवर कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचा शिक्का असतो. शिक्का असतो म्हणून पदवीला किंमत असते. आज मी ज्या विद्यापीठाबद्दल बोलणार आहे, त्याच्याकडे हा शिक्का तेहतीस वर्षं नव्हता. सरकारनं ते मानलेलं नव्हतं. आणि सुरुवातीला तिथं विद्यार्थिनी होत्या चार-पाच. हाताच्या एका पंजात मावतील एवढ्या.

हे विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यातलं. १९१६ साली पुण्याजवळ हिंगणे बुद्रुक इथं ते सुरू झालं. 'बुद्रुक' म्हणजे थोरलं, फारसी 'बुजुर्ग'वरून आलेला शब्द. तुमचं माळेगाव बुद्रुक, तसं ते हिंगणे बुद्रुक. आज पुण्यात त्याला कर्वेनगर म्हणतात, कारण धोंडो केशव कर्वे तिथं राहिले. थोरल्या हिंगण्यातलं हे धाकटं विद्यापीठ.

आता अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. विधवेशी विवाह, आश्रम, भारतरत्न. त्यामुळे तो भाग मी लवकर उरकतो. जन्म १८५८. गाव कोकणातलं मुरूड. १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. पहिल्या पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा, १९०० साली, आश्रम हिंगण्याला हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी तिथं सहा एकर जमीन दिली होती. कॉलेजातले तास संपवायचे, आश्रमाला लागणारं सामान घ्यायचं आणि चिखल तुडवत हिंगण्याची वाट धरायची, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं. ते विधवांपुरतं नव्हतं, कुमारिकांसाठीही होतं.

इथपर्यंत ही एका समाजसुधारकाची गोष्ट आहे. माझा आजचा विषय इथून पुढचा आहे, आणि तो जास्त अडचणीचा आहे.

त्या वेळी मुलीला उच्च शिक्षण घ्यायचं तर रस्ता कुठला होता, हे आधी पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७चं. मुलींना तिथं रीतसर प्रवेश मिळायला १८८३ उजाडलं. पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये निघाली, म्हणजे मॅट्रिकपर्यंत सोय झाली. काही मुली पुढे गेल्या, पदवीधर झाल्या, डॉक्टर झाल्या. रस्ता बंद नव्हता. पण त्या रस्त्यावर तीन दारं होती आणि तिन्ही अरुंद. पहिलं दार इंग्रजीचं. सगळं शिक्षण इंग्रजीतून, म्हणजे इतिहास शिकायचा तरी आधी सात-आठ वर्षं इंग्रजीशी झुंजायचं. दुसरं दार वयाचं. एवढी वर्षं मुलीचं लग्न थांबवणार कोण? आणि तिसरं दार म्हणजे घरच्यांचं मन. मुलांच्या वर्गात एकटी मुलगी बसवायची, ही कल्पनाच बहुतेक घरांत बोलायची सोय नव्हती.

१९१५ साली कर्व्यांच्या हातात एक पुस्तिका आली. बनारसचे शिवप्रसाद गुप्त जपान बघून आले होते, त्यांच्याकडून ती आली. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. १९०१ मध्ये जिन्झो नारुसे या गृहस्थांनी ते विद्यापीठ काढलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं. अध्यक्षीय भाषणात काय बोलायचं याचा शोध चालला असताना ही पुस्तिका त्यांनी नीट वाचली, आणि भाषणाचा विषय ठरला: हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ, मातृभाषेतून शिकवणारं.

आता बघा, या मागणीत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक, मराठीतून, गुजरातीतून उच्च शिक्षण. दुसरी, स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम, ज्यात गृहशास्त्र असेल, आरोग्यशास्त्र असेल, संसाराला उपयोगी पडेल असं काही असेल. पहिली गोष्ट काळाच्या पुढची होती. दुसरीबद्दल आज वाचताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं. बहुसंख्य स्त्रिया गृहिणी आणि माता होणार, तेव्हा त्यांचं शिक्षण त्या बेतानं असावं, असं कर्वे स्वच्छ म्हणत होते. ज्यांना पुरुषांच्या बरोबरीनं स्पर्धा करायची आहे त्यांना जुनी विद्यापीठं खुली आहेतच, असंही ते म्हणत.

त्यावर तेव्हाच टीका झाली. सनातन्यांची टीका मी मोजत नाही, ती कशावरही व्हायची. पण सुधारकांतल्याही अनेकांना वाटलं की हा स्त्रियांसाठी दुय्यम दर्जाचा माल आहे. एवढ्या कष्टानं बायकांना मुंबई विद्यापीठाचं दार उघडून दिलं, आणि तुम्ही त्यांना बाजूच्या लहान दारानं नेताय? हा आक्षेप खोटा नव्हता. माझं मत सांगतो. कर्व्यांचा युक्तिवाद कच्चा होता आणि त्यांची संस्था पक्की होती. स्त्रीचं शिक्षण वेगळं का असावं, याची त्यांनी दिलेली कारणं आज टिकत नाहीत. पण ज्या घरातली मुलगी कुठल्याच दारानं बाहेर पडणार नव्हती, तिच्यासाठी ते लहान दार हेच एकमेव दार होतं. इतिहासात असं पुष्कळदा होतं, कारण चुकीचं असतं आणि काम बरोबर होतं.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या बाजूनं आला, आणि तो गांधीजींचा होता. मातृभाषेतून शिक्षण ही कल्पना त्यांना फार पसंत पडली. पण कर्व्यांनी इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता, तो त्यांना नको होता. इंग्रजी ज्याला हवं त्यानं शिकावं, सक्ती कशाला? कर्वे अडून बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंग्रजी नसलेल्या पदवीला लोक पदवी मानणार नाहीत, आणि जगातलं ज्ञान ज्या भाषेत आहे तिची खिडकी मुलींसाठी बंद करायची नाही. आपलं मत न बदलता गांधीजींनी शेवटी पाठिंबा दिला. शिक्षण मराठीतून, पण इंग्रजी विषय म्हणून पक्कं, हा तोडगा शंभर वर्षांपूर्वी निघाला होता. आज आपल्या गावातले पालक इंग्रजी माध्यम की मराठी माध्यम म्हणून रात्र रात्र वाद घालतात, तेव्हा मला हे आठवतं.

१९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ स्थापन झालं. राजाची सनद नाही, सरकारचा कायदा नाही. वर्गणीदारांचे मतदारसंघ केले, त्यांनी सिनेट निवडलं, आणि सिनेटनं ठरवलं की आपण विद्यापीठ आहोत. एवढंच. कुलपती झाले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, संस्कृतचे एवढे मोठे पंडित. कुलगुरू झाले रँग्लर परांजपे, केंब्रिजला गणितात पहिले आलेले. माणसं बघा केवढी, आणि विद्यार्थिनी बघा किती. जुलैमध्ये हिंगण्याला महिला पाठशाळा या नावानं महाविद्यालय सुरू झालं. वर्गात चार-पाच जणी. कर्व्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न, म्हणजे आपल्याकडे सेवानिवृत्तीचा सत्कार आटोपून माणूस नातवंडांकडे वळतो ते वय.

पदव्यांची नावंही त्यांनी स्वतःची काढली. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', म्हणजे जिनं विद्या ग्रहण केली ती. एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा', म्हणजे जिच्याकडे दुसऱ्याला देण्याजोगी विद्या आहे ती. थोडक्यात जी.ए. आणि पी.ए. शब्द मोठे सुरेख आहेत, पण कल्पना करा, त्या काळी एखादी मुलगी नोकरीच्या अर्जात लिहिते, 'मी जी.ए. आहे.' समोरचा विचारणार, म्हणजे काय?

माझ्या बोलण्याचा गाभा इथं आहे. संस्थेच्या इतिहासात आपण नेहमी संस्थापकाचा त्याग सांगतो. तो असतोच. पण कर्व्यांचं नाव तर आधीच झालेलं होतं. हा प्रयोग फसला असता तर त्यांचं एक काम अपुरं राहिलं असतं. त्या चार-पाच मुलींचं काय झालं असतं? त्यांनी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं अशा कागदावर लावली, ज्याची किंमत सरकारदरबारी शून्य होती. त्या पदवीवर सरकारी खात्याचा दरवाजा उघडणार नव्हता, मुंबई विद्यापीठ त्यांना पुढच्या वर्गात घेणार नव्हतं. जोखीम त्यांनी घेतली. आपल्याकडे विद्यापीठाच्या स्थापनेचा सोहळा होतो तेव्हा संस्थापकाच्या पुतळ्याला हार पडतो. पहिल्या वर्गात बसलेल्यांची यादी मात्र कुठल्या भिंतीवर दिसत नाही.

मग या मुली करणार काय? याचं उत्तर कर्व्यांच्या रचनेतच होतं. विद्यापीठाशी मुलींच्या शाळा जोडत जायच्या. पुण्यात, इतर गावांत, पुढे गुजरातेत अहमदाबाद-बडोद्याकडेही. या शाळांना शिक्षिका लागणार. त्या कुठून येणार? याच विद्यापीठातून. म्हणजे पदवीची किंमत सरकार ठरवत नसेल तर पदवी मानणारी संस्थांची साखळीच आपण उभी करायची. साखर कारखान्याच्या गावात हे समजावून सांगायला नको. आपला ऊस घेणारं कुणी नसेल तर आपणच गाळप उभं करायचं, तसं हे.

हिंगण्याचं रोजचं जगणं कसं होतं? आज 'कॅम्पस लाइफ' म्हणतात, त्यातलं तिथं फारसं काही नव्हतं. आश्रमाची शिस्त होती. मराठीत शिकवायचं खरं, पण मराठीत पुस्तकं कुठं होती? अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जगाचा इतिहास, सगळं इंग्रजी ग्रंथांत. शिक्षकानं रात्री इंग्रजीत वाचायचं आणि सकाळी मराठीत बोलायचं. शब्द नसेल तर बनवायचा. चार-पाच जणींचा वर्ग असण्याचा फायदा एवढा, की शब्द पोचला की नाही हे लगेच कळायचं. एकाच आवारात विधवा आणि कुमारिका, वयात दहा-दहा वर्षांचं अंतर असलेल्या बायका एकत्र शिकत. त्या काळच्या घरात विधवेची सावली शुभकार्यावर पडू देत नसत. इथं ती शेजारच्या बाकावर बसे. अभ्यासक्रमात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते तिथला सगळ्यात मोठा धडा तोच होता.

पार्वतीबाई आठवल्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाया कर्व्यांच्या त्या बहीण, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. आश्रमात येऊन शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. केशवपन केलेली बाई सभेत उभी राहून स्त्रीशिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्यच लोकांना नवीन होतं. मग १९१८ मध्ये, चाळिशी उलटून गेल्यावर, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी तुटपुंजं. तिथं त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं, भाषा शिकल्या, संस्थेसाठी मदत जमवली आणि दोन वर्षांनी परतल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात हे सगळं आहे. तुमच्यापैकी कुणी वाचलं नसेल तर ग्रंथालयात मागा. कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'पेक्षा मला ते जास्त जिवंत वाटतं, हे जरा धाडसानं म्हणतो.

पैशाचं काय? पहिली चार वर्षं लहान लहान वर्गण्यांवर निघाली. १९२० मध्ये चित्र पालटलं. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगाच्या प्रवासाला गेले होते, त्यात त्यांनी टोकियोचं महिला विद्यापीठ पाहिलं. परत आल्यावर त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या रकमेचं व्याज म्हणून वर्षाला साडेबावन्न हजार रुपये विद्यापीठाला मिळायचे होते. जपानची एक पुस्तिका कर्व्यांना सुचवून गेली, आणि पाच वर्षांनी तेच विद्यापीठ प्रत्यक्ष बघून आलेला धनिक पैसे देतो. कादंबरीत लिहिलं तर आपण म्हणू, जुळवून आणलंय.

अर्थात एवढी रक्कम शर्तीशिवाय येत नाही. विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचं नाव द्यायचं होतं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. आणि मुख्य ठाणं मुंबईला न्यायचं होतं. ते १९३६ मध्ये गेलं. हिंगण्याच्या माळावर जन्मलेलं विद्यापीठ चर्चगेटला जाऊन बसलं. देणगी घेतली नसती तर ते जगलं असतं का, मला शंका आहे. पण जाताना ते खेड्यापासून लांब गेलं, हेही खरं.

कर्वे मात्र थांबायला तयार नव्हते. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते जगप्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनला आइनस्टाइनला भेटले, टोकियोचं ते विद्यापीठ अखेर डोळ्यांनी पाहिलं. नंतर आफ्रिकेचा दौरा केला, तिथल्या हिंदी लोकांकडे झोळी पसरली. यात एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. ज्या विद्यापीठाला मुंबईचं सरकार ओळखत नव्हतं, त्याची ओळख हा म्हातारा बर्लिनला करून देत होता.

त्या काळात बिनशिक्क्याची विद्यापीठं आणखीही निघाली. असहकाराच्या लाटेत १९२० मध्ये गुजरात विद्यापीठ आणि जामिया मिलिया, १९२१ मध्ये पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि बनारसचं काशी विद्यापीठ. काशी विद्यापीठ काढणारे कोण? तेच शिवप्रसाद गुप्त, पुस्तिकेवाले. पण ही सगळी सरकारच्या विरोधात निघाली. मान्यता नसणं हा त्यांचा अभिमान होता. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, उर्दूतून शिकवणारं, त्याच्या पाठीशी निजाम होता. कर्व्यांचं विद्यापीठ या दोन्हींच्या आधीचं. त्याच्यामागे चळवळ नव्हती आणि राजाही नव्हता. त्याला सरकारशी भांडायचं नव्हतं, त्याला मान्यता हवीच होती. मिळाली नाही म्हणून थांबायचं नाही, एवढंच धोरण होतं.

मान्यता आली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं कायदा केला, १९५१ पासून ते वैधानिक विद्यापीठ झालं आणि लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. मधल्या काळात इरावती कर्वे, अण्णासाहेबांच्या सूनबाई, काही वर्षं या विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून आणि लेखिका म्हणून त्या आपल्याला माहीत आहेत. पण फायलींवर सह्या करणाऱ्या इरावतीबाईही होत्या, हे विसरू नये. आणि एक काम या विद्यापीठानं असं केलं, ज्याचा गाजावाजा कमी झाला. घरी राहून अभ्यास करणाऱ्या बायकांना त्यांनी परीक्षेला बसू दिलं. लग्न झालंय, मूल मांडीवर आहे, कॉलेजात जाता येत नाही, तरी परीक्षा देता येते. या सोयीनं किती घरांत मध्यरात्री कंदील जळले असतील!

एक चिठ्ठी आली आहे. 'मुली आता सगळीकडे शिकतात, पहिल्या येतात. मग आज मुलींचं वेगळं महाविद्यालय कशाला हवं?'

प्रश्न रास्त आहे. तत्त्वाचं उत्तर द्यायचं तर नको असंच मी म्हणेन. पण मी उत्तर तत्त्वात शोधत नाही, एसटीच्या थांब्यावर शोधतो. बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यातल्या एखाद्या गावात बारावी झालेल्या मुलीला विचारा, घरच्यांनी कुठं पाठवलं आणि का. जवळ आहे, मुलींचंच आहे, वसतिगृह आहे, ही कारणं अजून ऐकू येतात. तिसरं दार म्हणालो ना मघाशी, घरच्यांच्या मनाचं, ते सगळीकडे सारखं रुंद झालेलं नाही.

आणि इथलाच एक दाखला देतो. शारदानगर हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या शारदाबाई पवार. जन्म १९११चा, कोल्हापूरकडच्या गोलिवड्याचा. त्या शिकल्या पुण्याच्या सेवासदनात. सेवासदन कर्व्यांचं नव्हे, ते रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी १९०९ मध्ये उभं केलेलं. पण काळ तोच, पुणं तेच, आणि मुलीला घराबाहेर कुठं ठेवायचं हा प्रश्नही तोच. तिथून ही मुलगी लग्न होऊन काटेवाडीच्या शेतकरी घरात आली, आणि १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेली. तेव्हा हिंगण्याच्या विद्यापीठाला सरकारची मान्यता मिळायला अजून अकरा वर्षं बाकी होती.

दुसरी चिठ्ठी मराठी परिभाषेबद्दल आहे. ती आपण चहानंतर घेऊ.